परदेशातलं घर आणि आलेली माणसं : तुमचे अनुभव लिहा

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला येऊन आम्हाला 11 वर्षं झाली. फेब्रुवारी संपत आला की पुणे, डोंबिवली, सांगली, सगळीकडून एकच प्रश्न : "ट्युलिप कधी असतात गं?" क्यूकेनहोफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे उघडी असते आणि तेवढे आठ आठवडे आमची बैठकीची खोली धर्मशाळा होते. तक्रार नाही हो. माणसं यावीत म्हणूनच तर पलंग होणारा सोफा घेतलाय. पण ट्युलिपांचं अप्रूप मात्र आता मला उरलेलं नाही, हे इथे कबूल करून टाकते.

आई पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. पॅरिस, ब्रुसेल्स, सगळं आखून ठेवलं होतं, आगगाडीच्या खिडकीजवळच्या जागासुद्धा. फक्त घरातला जिना कुणाच्या डोक्यात आला नव्हता. इथल्या घरांचे जिने म्हणजे शिड्याच. पायरी इतकी अरुंद की पाऊल तिरकं टाकावं लागतं. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर, संडास खाली. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. पहिल्या रात्री ती बसून एकेक पायरी उतरली, आणि खाली गेल्यावर तिथे नुसता कागद! पाणी नाही. शेवटी मी झाडांना पाणी घालायची हिरवी झारी दिली. पुढचे तीन आठवडे ती झारी तिथेच होती आणि कुंड्यांना मी पातेल्याने पाणी घालत होते.

तर मंडळी, काय काय बघावं याच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. पाहुणे घरात असताना घर कसं चाललं ते सांगा. सासरचे, माहेरचे, मित्र, ओळखीच्यांच्या ओळखीचे, कुणीही. पाहुणे म्हणून गेलेल्यांनीही लिहा, तुमची बाजू कधी ऐकायला मिळत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

माझे बाबा भुसावळला रेल्वेत होते, विद्युत विभागात. निवृत्त झाल्यावर दोघंही इकडे आले, एप्रिलमध्ये. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं. मग तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळे पुरते सहा महिने काढतात. मी म्हणेन, पहिल्या खेपेला तीन पुरे.

आठवडाभर रजा टाकली. न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टन झालं. नायगारासाठी सात तास गाडी हाणली, निळे रेनकोट घालून बोटीने धबधब्याच्या तोंडापर्यंत नेऊन आणलं. परतताना विचारलं, कसं वाटलं? "पाणी भरपूर आहे," बाबा म्हणाले.

खरी परीक्षा रजा संपल्यावर. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. आईने फ्रीजरचा ताबा घेतला, तिचं बरं चाललं होतं. बाबा खिडकीत. दुकानं दीड मैलावर, पदपथ मध्येच संपतो, गाडी चालवता येत नाही. भुसावळला दिवसातून चार वेळा बाहेर पडणारा माणूस, इथे टपालपेटी उघडून येणं हाच दिवसभराचा कार्यक्रम. संध्याकाळी मी आलो की टपाल हातात द्यायचे. जाहिरातीची पत्रकंसुद्धा आकाराप्रमाणे लावलेली.

तिसऱ्या आठवड्यात काही कामाने मेट्रोपार्क स्टेशनपाशी थांबलो. बाबा गाडीतून उतरले ते थेट फलाटावर. तेवढ्यात असेला, इथली वेगवान गाडी, न थांबता धाडधाड निघून गेली. बाबा गाडीकडे बघतच नव्हते, वर बघत होते. "ओएचई", म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारा, "जुनी आहे यांची. उन्हाळ्यात तार सैल पडत असणार." घरी येऊन शोधलं तर खरंच! न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडच्या या मार्गावरची तारांची व्यवस्था बरीचशी 1930 च्या दशकातली, उष्णतेने तार लोंबू नये म्हणून ताण धरून ठेवणारी वजनं बऱ्याच भागात नाहीतच. अमेरिकेत आल्यापासून बाबांच्या तोंडावर पहिल्यांदा तेज दिसलं.

मग ठरूनच गेलं. मी घरून काम करायचो ते दोन दिवस सकाळी त्यांना स्टेशनवर सोडायचं, दुपारी आणायचं. सोबत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि एक वही. वहीत गाडीची वेळ, डबे, इंजिनाचा क्रमांक. दुसऱ्या महिन्यात एक तेलुगू आजोबा त्यांना येऊन मिळाले. दोघांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. वही बाबांनी भुसावळला नेली, नायगाराचे फोटो माझ्याकडेच राहिले.

एक कामाचं : येण्याआधी दात तिकडेच दाखवून घ्या. पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक विम्यांत दात आणि जुनी दुखणी धरत नाहीत. आईची दाढ चौथ्या महिन्यात हलली, त्याचा आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही.

दुबई

तुमचं बरंय, तुमच्याकडे लोक वर्षातून एकदा येतात. आमच्याकडे अमेरिकेला जाणारा आणि अमेरिकेहून येणारा, दोघंही उतरतात! "आठ तासांचा थांबा आहे, म्हटलं भेटूनच जाऊ." पहाटे चारला विमानतळावर जाऊन मी जेवढी माणसं आणली असतील तेवढी ठाण्याच्या रिक्षावाल्यानेही आणली नसतील.

एकच गोष्ट जीव तोडून सांगते. खसखस. इथे खसखशीला बंदी आहे, अगदी चमचाभर असली तरी, आणि त्यात लोक अडकलेले आहेत. आमच्या सासूबाईंनी दिवाळीचा डबा भरला होता. आदल्या रात्री फोनवर सहज विचारलं, काय काय आणताय? "चकली, चिवडा, अनारसे." माझ्या हातातला फोन पडायचा बाकी होता. अनारसे म्हणजे खालून सगळी खसखसच! मोठे दीर रात्री अकराला उठले आणि तीस अनारसे शेजारीपाजारी वाटून आले. सासूबाई माझ्यावर नाही, थेट देशावर रागावल्या. नुसतं पीठ मात्र घेऊन आल्या आणि इथे तीळ लावून अनारसे केले. चव बरी होती. बरीच म्हणतेय, छान नाही. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनाही इथे आधी परवानगी लागते, तेव्हा औषधांची यादी मागवून घ्या.

बाकी 828 मीटर उंच बुर्ज खलिफा सगळे खालूनच बघतात, तिकिटाची किंमत ऐकली की मान आणखी वर करून. सासऱ्यांना आवडला तो अब्रा. बर दुबईहून देराला खाडी ओलांडून नेणारी लाकडी होडी, एक दिरहम. अलीकडे-पलीकडे सहा वेळा गेले.

झुरिक

मी वाईट दिसलो तरी चालेल, पण लिहितो. नातेवाइकांबद्दल काही म्हणणं नाही. पण आतेभावाच्या मित्राचा साडू? चार माणसं, नऊ दिवस. "हॉटेलं फार महाग आहेत हो तुमच्याकडे." आहेतच की, म्हणून माझं घर फुकट का?

रोज रात्री हिशेब. कॉफीचे पाचशे रुपये, पाण्याचे चारशे. मी म्हटलं, चौकाचौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. तर म्हणे, "उघड्यावरचं?"

पण कळस केला तो धुण्याने. आमच्या इमारतीत कपडे धुवायचं यंत्र तळघरात, सगळ्यांत मिळून एक, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. मी नवीन आलो तेव्हा घरमालकाने भाडेकराराआधी ते वेळापत्रक समजावलं होतं, यावरून काय ते समजा. या मंडळींनी रविवारी यंत्र रिकामं बघितलं आणि चार जणांचे आठवड्याचे कपडे टाकले. सोमवारी दारावर चिठ्ठी. अतिशय सभ्य भाषेत, आणि खाली तीन सह्या. पुढे महिनाभर मी जिन्यात कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

तोक्यो

आमचं घर 38 चौरस मीटर. आईबाबा आले की रात्री जेवणाचं टेबल उभं करून भिंतीला लावायचं आणि जमिनीवर फुतोन पसरायचं. बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपल्या गिरगावच्या चाळीसारखंच!" आणि सगळ्यांत आधी घोरायला लागले. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही, मजेत गेले 15 दिवस.

हॅरो, लंडन

माझे काका अकोल्याचे, निवृत्त मुख्याध्यापक. एका सहलीबरोबर युरोपला आले होते, त्यातले शेवटचे तीन दिवस आमच्याकडे. लंडन आय, टॉवर ब्रिज, राजवाडा असा बेत मी कागदावर काढून दिला. त्यांनी कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाबासाहेबांचं घर कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. लंडनमध्ये नऊ वर्षं काढली होती मी तोवर. 10, किंग हेन्रीज रोड. प्रिमरोज हिलजवळ. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत गेलो. काकांनी सकाळीच मला इस्त्री मागितली होती. पांढरा शर्ट, सहलीत एकदाही न घातलेला, खास राखून ठेवलेला.

साधी रांगेतली इमारत, भिंतीवर निळी गोल पाटी. काका समोरच्या पदपथावर थांबले. मला वाटलं फोटो काढायचा असेल. ते नुसते उभे होते. मग रस्ता ओलांडला आणि दाराशी बूट काढले. मी म्हटलं, काका, इथे काढायची गरज नाही. "माहीत आहे," म्हणाले, आणि मोजे घालून आत गेले. मला काय करावं कळेना, मग मीही काढले.

आत फोटो, पुस्तकं. काका प्रत्येक फोटोखालचा मजकूर चष्मा वर करून वाचत होते, एक ओळ सोडली नाही. दोन तास लागले. बाहेर आल्यावर त्यांना भूक लागली, टेकडीवर बसून आम्ही सॅण्डविच खाल्लं. खाली अख्खं लंडन पसरलेलं. तिथून लांबवर दिसणाऱ्या लंडन आयकडे बोट दाखवून म्हणाले, "झालं, तेही बघून झालं."

पुढच्या वर्षी मामा आले, त्यांना हायगेटचं 65, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू बघायचं होतं, सावरकर राहायचे ते इंडिया हाऊस. तेही मला माहीत नव्हतं. आता कुणी येणार म्हटलं की मी बेत आखत नाही, आधी विचारतो.

म्युनिक

जर्मनीला बोलावणाऱ्यांसाठी : शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं आणि प्रवासी विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. शनिवारी भाजी भरून ठेवा, रविवारी दुकानं बंद.

आता मामांची गोष्ट. इथे पाण्याच्या, कोकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. कोल्हापूरच्या मामांना हे कळलं मात्र! सकाळच्या फेरफटक्याला पिशवी घेऊन बागेत. मी कानकोंडा, कारण इथे सहसा फार नडलेले लोक बाटल्या वेचतात. हे सांगितल्यावर मामा विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून वेचलेल्या बाटल्या कचरापेटीशेजारी नीट ओळीत लावून यायला लागले, "ज्याला लागतील त्याला वाकायला नको."

नाशिक (मुक्काम मेलबर्न, चार महिने)

धागा काढणाऱ्या ताईंनी आमची बाजू विचारली म्हणून लिहिते. मी पाहुणी म्हणून गेले नव्हते, सुनेच्या बाळंतपणाला गेले होते. मुलाने बजावलं होतं, विमानतळावरच्या अर्जात खाण्याचं काहीही असलं तरी 'हो' वर खूण कर. मी सगळ्यावरच केली. अधिकारी पोरगी गोड होती. पेढे गेले, सुटे हळीव गेले. डिंक आणि गोडा मसाला हुंगून परत दिला. घरी पोचल्यावर मुलगा म्हणतो, हळीव काय, इथल्या डॅन्डेनाँग उपनगरात मिळतात. अरे मग आधी सांगायला काय झालं होतं?

बाळाला ओव्याची धुरी दिली आणि अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजला. सगळे खाली, अग्निशमनवाले हजर. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी, सून हसतेय की रडतेय कळेना. नंतर नुसता तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीने शेकलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही मुलं म्हणता, आई, तू काही करू नकोस, आराम कर. परक्या घरात नुसतं बसून राहणं म्हणजे आराम नव्हे हो. मला पहिला महिना घराची किल्लीच नव्हती. कुणी मुद्दाम दिली नाही असं नाही, सुचलंच नाही कुणाला. मी बाहेर पडले तर आत कशी येणार? एक दिवस तसं बोलले तेव्हा मुलगा ओशाळला, त्याच संध्याकाळी किल्ली करून आणली, प्रवासाचं मायकी कार्डही. मग मी ट्रामने एकटी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला जायला लागले. एका भाजीवाल्या ग्रीक आजीशी ओळख झाली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. ती मला पालकाची जुडी जरा मोठी द्यायची.

अ‍ॅमस्टेलव्हीन

नाशिकच्या काकू, तुमचं वाचून उठले आणि किल्ल्यांचा खण उघडला. सासूबाई 12 एप्रिलला येताहेत. पलंग खाली आणून ठेवलाय, टमरेलं दोन घेतली, एक वर, एक खाली. किल्लीचं आमच्याही डोक्यात नव्हतं. उद्या शनिवार आहे, करून आणते.