शब्दचर्चा : श्रम ‘बाधतात’ की ‘उलटतात’?

जळगावहून विचारणा :
कोविड होऊन बराच काळ लोटला, पण अंगात जे काही मुरलंय ते जात नाही. त्याला मराठीत काय म्हणावं? मी ‘थकवा’ म्हणत आले आणि दर वेळी एकच सल्ला मिळाला, फिरायला जा. गेले. मेहरूण तलावाच्या काठाने अर्धा तास चालले. त्या दिवशी ठणठणीत होते, दुसरा दिवसही निभला. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होईना. घसा धरलेला, डोकं जड, एकच ओळ चारदा वाचत होते. सासूबाई विचारतात, “थकी गयी का व?” हो म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी खोटं.

धुळे :
‘शीण’ नकोच. शीण चहाच्या घोटानेही उतरतो. ‘मरगळ’ मनाची जास्त, ‘कणकण’ तापाच्या आधीची. ‘अशक्तपणा’ म्हटलं की लोक खारीक-खोबऱ्याचे लाडू घेऊन येतात (माझी हरकत नाही). यातल्या बहुतेक शब्दांत विसावा किंवा खुराक हा इलाज आधीच दडलेला आहे.

शिरपूर, फिजिओथेरपिस्ट :
इंग्रजीतही हाच घोळ झाला. श्रमांनंतर असंच कोसळवणाऱ्या एका आजाराला १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ (कायमच्या थकव्याचा आजार) हे नाव ठरलं आणि ‘फटीग’वरून लोकांनी आळसाची शंका घेतली. २०१५ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने श्रम न सोसणं हेच नावात आणा म्हटलं. ते नाव काही रुळलं नाही.

या रुग्णांची लागोपाठ दोन दिवस सायकलवर चाचणी घेतात. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही साधारण तेवढंच काम करतो. यांच्यातल्या बऱ्याच जणांची कुवत दुसऱ्या दिवशी घटते, स्नायू प्राणवायूवाचून ऊर्जा काढायला लवकर लागतात. लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याच्या, रुग्णांवरचा एक डच अभ्यास २०२४ मध्ये आला. व्यायामाआधी आणि नंतर स्नायूचा तुकडा काढून पाहिला, तर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचं) काम आणखी मंदावलेलं आणि स्नायूला इजा वाढलेली. म्हणजे नुसतं ‘सवय मोडली’ म्हणून भागत नाही. रोज थोडा थोडा व्यायाम ठरवून वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ने, म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्ये क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी अमान्य केला.

पण तापातून उठलेल्या प्रत्येकाने हे स्वतःला लावून घेऊ नये. साध्या अशक्तपणात हळूहळू चालून बरं वाटतं. एक-दोन दिवसांनी कोसळणं ही इथली खूण.

धुळे :
मग ‘बाधणे’ घ्या. ऊन बाधतं, पाणी बाधतं, तसं चालणं बाधलं. दुसऱ्याला चालणारी गोष्ट मला सोसत नाही, हे त्यात आपोआप येतं. (भरीत बाधलं म्हणणारा मात्र खान्देशात अजून भेटायचाय.)

यावल :
बाधलेलं पाणी रात्रीपर्यंत कळतं हो. इथे मधे दोन दिवस जातात. माझा कौल ‘उलटणे’ला. ताप उलटला, दुखणं उलटलं, म्हणजे बरं वाटत असताना परत फिरलं. आमच्याकडे माणूस दिवसभर केळीचे घड वाहून दमतो, रात्री झोपतो, सकाळी पुन्हा मळ्यात. तो दमला, पण त्याचे श्रम उलटले नाहीत. या ताईंचे उलटतात.

धुळे :
‘उलटी’ आठवणार लोकांना. पण मान्य, दोन दिवसांचं अंतर ‘बाधणे’त बसत नाही.

जळगाव :
काल सासूबाईंना सांगितलं, मला चालणं उलटतं. त्या म्हणाल्या, “मंग इतलं कसाले चालस?” थकवा म्हणत होते तेव्हा हे कुणीच विचारलं नव्हतं.

आता पुढचा शब्द द्या. डॉक्टर ‘पेसिंग’ करा म्हणतात, उलटायच्या आत थांबायचं. याला मला ‘अंग राखून’ सुचलं होतं, पण आपल्याकडे अंग राखून काम करणारा म्हणजे कामचुकार! ‘बेताने’ चालेल का?