शब्दचर्चा: खेळाडूला 'री-साइन' करणे, बर्ड राइट्स, कॅप होल्ड

अर्धविराम
आमच्या क्लबातली मुलं एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) रात्र जागून बघतात, पण उन्हाळ्यात करारांचा मोसम सुरू झाला की त्यांना काही कळेनासं होतं. त्यांच्या भित्तिपत्रकासाठी एक सोपा लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यावर अडले आहे. 2024 च्या जुलैत लेब्रॉन जेम्सने आपल्याच लेकर्स संघाशी पुन्हा दोन वर्षांचा करार केला. ती बातमी भाषांतराच्या यंत्रात घातली तर बाहेर आलं, 'लेब्रॉनचा लेकर्ससह राजीनामा'. री-साइन आणि रिझाइन, मध्ये फक्त एक आडवी रेघ. एका मुलाने ते खरं मानून दिवसभर सुतक पाळलं.
तर प्रश्न तीन. (1) आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करणे याला एक आटोपशीर क्रियापद हवंय. (2) बर्ड राइट्स. (3) कॅप होल्ड. 'इंग्रजीच ठेवा' हे उत्तर चालेल, पण कारण द्या.

मात्राबाई
'पुनर्करार'. आटोपशीर आहे, शुद्ध आहे, शासकीय मराठीत शोभतो. 'करार नूतनीकरण' नको, त्यात गॅस जोडणीचा वास येतो.

फिलीकर
मात्राताई, 'करार' अरबी आहे. 'पुनर्' लावून तो शुद्ध कसा झाला? 🙂
आणि अर्थही नेमका नाही. चालू करार संपायच्या आधीच वाढवला तर ते एक्स्टेन्शन. करार संपला, खेळाडू मोकळा झाला आणि मग जुन्याच संघाने त्याला घेतलं, तर री-साइन. दोन्हींचे नियम वेगळे, रकमेच्या मर्यादा वेगळ्या. एका शब्दात दोन्ही कोंबलंत तर मुलं आणखी गोंधळतील. पहिल्याला 'मुदतवाढ' आहेच.

मात्राबाई
अरबी असला तरी तीनशे वर्षं मराठीत नांदलेला आहे. मी सावरकरी नाही. त्यांनी दिलेला 'दिनांक' मी वापरते आणि 'तारीख'ही वापरते. पण ज्या शब्दाला आपल्याकडे जागा आहे तिथे उगाच री-साइन कशाला?

नाना तलाठी (निवृत्त)
'फेरकरार' म्हणा की. फेरमोजणी, फेरनिविदा, फेरविचार, फेरफार. 'फेर' लागला की माणसाला लगेच कळतं, काम दुसऱ्यांदा होतंय. 'पुनर्'ला ते वजन नाही.

बेंचवरचा
फेरकरारला +1. पण क्रियापद कुठाय? 'बॉस्टनने त्याला फेरकरारले'?

नाना तलाठी (निवृत्त)
'पुन्हा ठेवून घेतलं.' आमच्याकडे सालगडी असाच ठेवतात. गडी सालाने राहतो. पाडव्याला साल संपतं, हिशेब होतो आणि मालक त्याला पुन्हा ठेवून घेतो किंवा गडी दुसऱ्याच्या वाड्यावर जातो.

मात्राबाई
नाना, वर्षाला पाच कोटी डॉलर घेणाऱ्या माणसाला सालगडी म्हणणार?

नाना तलाठी (निवृत्त)
रक्कम बदलली म्हणून व्यवहार बदलत नाही, बाई.

अर्धविराम
'ठेवून घेणे' मला खरंच आवडलं. पण मथळ्यात 'लेकर्सने लेब्रॉनला ठेवून घेतले' असं आलं की मुलांना वाटेल त्याला ओलीस धरलाय. पुढे चला, बर्ड राइट्स.

बेंचवरचा
पक्षीहक्क!! 🐦

फिलीकर
हा विनोद दर वर्षी होतो. बर्ड म्हणजे लॅरी बर्ड, बॉस्टन सेल्टिक्सचा. आडनावाचं भाषांतर करत नाहीत. जरा मागचं सांगतो, त्याशिवाय शब्द जुळणार नाही.
1984-85 च्या मोसमात एनबीएने संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, म्हणजे 'कॅप', आणली, तेव्हा ती प्रत्येक संघाला 36 लाख डॉलर होती. 2024-25 मध्ये ती 14 कोटी 5 लाख 88 हजार डॉलरवर पोचली. पण ही मर्यादा कडेकोट नाही. संघ आधीच मर्यादेच्या वर असला तरी आपल्या खेळाडूला ठेवून घेण्यासाठी आणखी वर जाऊ शकतो. ही सवलत बर्डच्या नावाने ओळखली जाते. अट अशी, की खेळाडूने तीन मोसम सलग काढलेले हवेत आणि मधे त्याला कुणी सोडून दिलेलं नको, किंवा तो स्वतः मोकळा होऊन दुसरीकडे गेलेला नको. दोन मोसम झाले असतील तर अर्धी सवलत: आधीच्या पगाराच्या 175 टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या 105 टक्के, यातलं जे मोठं असेल तिथपर्यंत. एकच मोसम असेल तर साधारण 120 टक्क्यांवर गाडी थांबते.
गंमत पुढे आहे. संघाने खेळाडू दुसऱ्या संघाला अदलाबदलीत दिला, तर घड्याळ परत शून्यावर येत नाही. झालेले मोसम त्याच्याबरोबर जातात आणि हक्क नव्या संघाला मिळतो.

मात्राबाई
मग 'कूळहक्क' का नाही? जमीन कसत राहिला, हक्क लागला.

नाना तलाठी (निवृत्त)
चूक, बाई, पार उलटं होईल. 1948 च्या कूळकायद्यात हक्क कुळाला मिळाला, मालकाच्या विरुद्ध. इथे खेळाडू कसतो आणि हक्क मालकाला लागतो. कूळहक्क म्हटलंत तर मुलांना वाटेल, तीन वर्षं खेळला की सेल्टिक्सचं मैदान त्याच्या नावावर.
तुम्ही सांगताय ते 'वहिवाट' आहे. वहिवाटीने रस्ता मिळतो ना, त्याला अखंड वापर लागतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं, तुमच्याकडे तीन मोसम. मधे खंड पडला की गेला. आणि अदलाबदलीचं म्हणालात ना, तेही तंतोतंत: शेत विकलं तरी वहिवाटीचा रस्ता शेताबरोबर जातो, विकणाऱ्याच्या खिशात राहत नाही. नवा मालक त्याच रस्त्याने बैलगाडी नेतो.

फिलीकर
नाना, साष्टांग. इतकी वर्षं हे लोकांना समजावतोय, इतकं चपखल कधी सुचलं नाही.

नाना तलाठी (निवृत्त)
तीस वर्षं बांधावरची भांडणं ऐकली आहेत.

कोशातला किडा
'वहिवाट'चा उगम 'वही'त आहे, बरं का. जे सरकारी वहीत चढलं ती वहिवाट. त्यामुळे बर्ड हक्कांना ते आणखीच लागू, कारण तिथेही सगळं लीगच्या वहीत.

मात्राबाई
अजिबात नाही. 'वह्' धातू, वाहणे, वहन. वाहती वाट ती वहिवाट. वहीचा काय संबंध?

कोशातला किडा
मग 'वहिवाटदार' म्हणजे काय, वाहत्या वाटेचा दार?

मात्राबाई
'दार' फारसी प्रत्यय आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उगाच.

बेंचवरचा
दोघांनाही एक टेक्निकल फाउल. कॅप होल्डचं बोला.

अर्धविराम
हो, कृपया. माझा लेख तिथेच तुटतोय. करार संपलेल्या खेळाडूच्या नावाने संघाच्या हिशेबात एक रक्कम अडकून राहते, ती कशाला हे सांगायला मला तीन परिच्छेद लागले.

फिलीकर
माझ्या गावचंच उदाहरण घ्या. टायरीस मॅक्सीला 2023 मध्ये फिलाडेल्फियाने मुदतवाढ दिली नाही. इथल्या बसमध्ये, बारमध्ये लोक संतापलेले. पण हिशेब असा होता: त्याचा जुना पगार लहान असल्यामुळे करार संपल्यावर त्याच्या नावाने फक्त सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर अडकणार होते. मुदतवाढ दिली असती, तर तीच जागा सुमारे साडेतीन कोटींची झाली असती. तो फरक वापरून 2024 च्या जुलैत बाहेरून पॉल जॉर्जला आणलं, चार वर्षं, 21 कोटी 20 लाख. मॅक्सीवर बर्ड हक्क होताच, म्हणून मर्यादा ओलांडून त्याचा पाच वर्षांचा, 20 कोटी 40 लाखांच्या घरातला करार. क्रम उलटा झाला असता तर पॉल जॉर्ज आला नसता.
2015 मध्ये सॅन अँटोनियोने हेच केलं होतं. कवाय लेनर्ड थांबला, लामार्कस ऑल्ड्रिज आला, मग लेनर्डचा मोठा करार.

बेंचवरचा
म्हणजे रुमाल! एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो तो. माणूस अजून खाली आहे, पण सीट गेली. मॅक्सीचा रुमाल छोटा होता म्हणून शेजारी पॉल जॉर्ज मावला.

अर्धविराम
🙏🙏 तीन परिच्छेद खोडले.

मात्राबाई
भित्तिपत्रकात 'रुमाल' छापणार? 'आरक्षित भार' म्हणा. निदान 'राखीव रक्कम'.

फिलीकर
'राखीव' चुकेल, ताई. राखीव म्हणजे बाजूला काढलेले खरे पैसे. इथे एक डॉलरही कुणाला दिलेला नसतो, नुसती नोंद असते. रुमालात तेच आहे, तिकीट अजून फाडलेलं नाही.

नाना तलाठी (निवृत्त)
आणि रुमाल काढायचा असेल तर?

फिलीकर
खेळाडूवरचा हक्क सोडावा लागतो, रिनाउन्स. मग नोंद जाते, जागा मोकळी होते, पण मर्यादा ओलांडून त्याला ठेवून घेण्याची सवलतही गेली.

नाना तलाठी (निवृत्त)
हक्कसोड! हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे रोज बहिणींच्या सह्या होतात त्यावर. तयार शब्द आहे, नवा काही बनवू नका.

मात्राबाई
हे मात्र मान्य. 'हक्कसोड' उत्तम.

कोशातला किडा
इतिहासात नोंद करा, मात्राबाईंना एक शब्द पटला.

बेंचवरचा
नाना, रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला पण द्या काहीतरी. म्हणजे मोकळा आहे, दुसऱ्याने बोली लावली तरी जुना संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवू शकतो.

नाना तलाठी (निवृत्त)
भोगवटादार वर्ग दोन. विकता येते, पण परवानगी लागते.

बेंचवरचा
😂😂 'वर्ग दोनचा खेळाडू'. बिचारा.

मात्राबाई
'सशर्त मुक्त'. विनोद पुरे.
आणि आयपीएलमध्ये हे सगळं आहेच की. रिटेन करणे, राइट टू मॅच कार्ड. तिथले रूढ शब्द उचला.

फिलीकर
फरक मोठा आहे. आयपीएलची थैली पक्की शिवलेली असते. 2025 च्या लिलावासाठी 120 कोटी, आपला खेळाडू असो की परका, त्यातच बसवायचं. ऋषभ पंतवर लखनौची बोली 20 कोटी 75 लाखांवर थांबली, दिल्लीने राइट टू मॅच (तेवढीच बोली देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क) वापरलं, लखनौने आकडा 27 कोटींवर नेला आणि दिल्लीने हात काढून घेतला. दिल्लीला आपल्या माणसासाठी थैलीबाहेरचा रुपया काढायची मुभा नव्हती. बर्ड हक्क म्हणजे नेमकी तीच मुभा. म्हणून आयपीएलचा 'कायम राखणे' इथे पुरा पडत नाही.

कोशातला किडा
मग सॉफ्ट कॅप आणि हार्ड कॅप म्हणजे कच्ची मर्यादा, पक्की मर्यादा. कच्ची पावती, पक्की पावती तशी.

मात्राबाई
कच्ची पावती म्हणजे करचुकवेगिरी. मुलांना काय शिकवताय? 'लवचिक' म्हणा.

फिलीकर
करचुकवेगिरीवरून आठवलं. या हक्काच्या लोभात मिनेसोटाने काय केलं बघा. जो स्मिथ, 1995 च्या ड्राफ्टमधला (संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्याने थोड्या पैशांत एकेका वर्षाचे करार करायचे, तीन मोसम झाले की वहिवाट पूर्ण आणि मग भरघोस रक्कम, असं गुपचूप लिहून ठेवलेलं. 2000 मध्ये उघडकीस आलं. लीगने करार रद्द केले, 35 लाख डॉलर दंड आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या, त्यातल्या काही पुढे परत दिल्या. स्मिथ डेट्रॉइटला गेला आणि वर्षभराने मिनेसोटातच परत आला.

नाना तलाठी (निवृत्त)
साठेखत नोंदवायचं नाही आणि आतल्या आत इसार द्यायचा. जुनी खोड.

बेंचवरचा
आणि हक्क हातात असूनही खेळाडू जातोच. जेलन ब्रन्सनवर 2022 मध्ये डॅलसचा पूर्ण बर्ड हक्क होता. चार वर्षं, 10 कोटी 40 लाखांवर न्यू यॉर्कला गेला. डॅलसला बदल्यात काही मिळालं नाही.

मात्राबाई
म्हणजे तो हक्क नव्हेच! ज्याच्यावर हक्क आहे त्याची संमती लागत असेल तर त्याला 'मुभा' म्हणा, 'सवलत' म्हणा. 'बर्ड सवलत'. मगापासून आपण 'राइट्स'चं आंधळं भाषांतर करतोय.

फिलीकर
नियमांतसुद्धा तो अपवादच आहे, एक्सेप्शन. 'राइट्स' हे लोकांच्या तोंडचं. पण ताई, लोक 'बर्ड राइट्स' म्हणतात तर मराठीतही लोक 'बर्ड हक्क'च म्हणणार.

मात्राबाई
लोक 'मी आलो होतं'सुद्धा म्हणतात.

कोशातला किडा
झालं, आता हा धागा व्याकरणाकडे.

आखाजीवाला
उशिरा आलो. वर नानांनी पाडव्याला साल संपतं म्हटलंय. ते मराठवाड्यात. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवीन सुरू होतं. 'सालगडी' पण आम्ही म्हणत नाही, 'सालदार'.

नाना तलाठी (निवृत्त)
नोकरी परभणी, हिंगोलीत झाली. तिथे पाडवाच.

मात्राबाई
'दार' आलाच पुन्हा.

आखाजीवाला
येऊ द्या. पण भित्तिपत्रक जळगाव-धुळ्याकडे जाणार असेल तर पाडवा छापू नका. पाडव्याला सालदार विचारायला गेलात तर तो म्हणेल, अजून माझं साल चालू आहे, महिन्याने या.

बेंचवरचा
आणि तेवढ्यात शेजारचा मालक बोलणी करून गेला तर? एनबीएत त्याला टॅम्परिंग म्हणतात, दंड बसतो. खानदेशात काय म्हणतात?

आखाजीवाला
गडी फोडणे. दंड नाही, फक्त पुढची दहा वर्षं बोलणं बंद.