प्रतिसाद: जिम आणि तरणतलाव एकाच संध्याकाळी

वर विचारलंय, ठाण्यात ऑफिसनंतर जिम करून लगेच पोहायला जावं का? जावं, पण आधी वजनं, मग पाणी. पोहून दमलेल्या खांद्यांनी बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून वजन वर ढकलणं) नको. प्रेसच्या दिवशी फ्रीस्टाइल (पालथं, हात आळीपाळीने पुढे टाकत पोहणं) टाळून तरंगता बोर्ड धरून नुसती किक मारा. जड स्क्वॉटनंतर (वजन घेऊन उठाबशा) मात्र ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) नको, त्याची किक गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण देते.

पाऊण तासाच्या बॅचमध्ये 200 मीटर सावकाश, मग 25 मीटर जोरात आणि 30 सेकंद विश्रांती, असं 8 वेळा. (कठड्याला धरून गप्पा हा कार्डिओ नव्हे!) फ्रीस्टाइलमध्ये अंगठा आधी पाण्यात जात असेल किंवा हात डोक्यासमोरून पलीकडे जात असेल, तर खांदा कुरकुरणारच. बोटं आधी, हात खांद्याच्या रेषेत. हृदयाचे ठोके ट्रेडमिलपेक्षा दहाएक कमी दिसले तरी चालेल, पाण्यात तसंच असतं.