मदत हवी आहे : चेस काउंटी, कॅन्ससचे जुने वारसा-दस्त कोर्टहाउसमध्ये की टोपिकात?

चेस काउंटीचं मुख्य ठिकाण कॉटनवुड फॉल्स इथलं चुनखडी दगडाचं कोर्टहाउस 1873 मध्ये पूर्ण झालं. अक्रोडाच्या लाकडाचा तो देखणा गोल जिना आजही वापरात आहे. त्याच काळातल्या एका 160 एकरांच्या तुकड्याची मालकी जुळवतोय.

पेटंट (सरकारने दिलेला जमिनीचा पहिला मालकी-दस्त) एका नावावर, 1873 चं. पण विक्रेत्यांच्या सूचीत त्याआधीच्या वर्षी दुसऱ्याच नावाने विक्री दिसते. टाउनशिप, रेंज, सेक्शन आणि पाव-सेक्शन हे सरकारी मोजणीतले आकडे तीनदा पडताळले, म्हणजे जमीन तीच. अटी पूर्ण झाल्याचा अंतिम दाखला मिळाल्यावर पेटंट हाती येण्याआधीही जमीन विकली जायची आणि पेटंट मूळ अर्जदाराच्याच नावाने निघायचं, हे माहीत आहे. मात्र मूळ अर्जदाराकडून या विक्रेत्याकडे जमीन गेल्याचा दस्तच सापडत नाही. त्यामुळे मूळ अर्जदार वारला आणि जमीन वारसाहक्काने विक्रेत्याकडे गेली, असा संशय येतो. होमस्टेडची (सरकारी जमीन राहून-कसून मिळवण्याच्या अर्जाची) मूळ फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवली आहे, ती नको.

पुण्यातून काम करतोय, तिथे जाणं शक्य नाही. टपालाने प्रती चालतील. 1870 ते 1875 च्या प्रोबेट कोर्टाच्या (मृत्युपत्रं आणि वारसा पाहणाऱ्या कोर्टाच्या) वह्या अजून काउंटीकडेच आहेत की टोपिकाच्या राज्य अभिलेखागारात गेल्या? आणि अर्जात मृताचं नाव पुरेल की प्रकरण क्रमांकही लागतो?