मानेवरचा काळेपणा घासून जात नाही, मुलाची शुगर तपासावी का?

इचलकरंजीकरीण
मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. उंची १४२ सेंमी, वजन ४८ किलो. वर्षभरात मानेमागे काळा, जाडसर पट्टा आलाय. मळ समजून डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, एकदा तर रागाच्या भरात घासणी घेतली. पोर रडलं, काळेपणा तसाच. यांना सहा वर्षांपासून मधुमेह, सासूबाई इन्सुलिनवर. याच्या वेळी सातव्या महिन्यात माझीही शुगर वाढली होती, पण बाळंतपणानंतर नॉर्मल आली आणि विषय तिथेच संपला. सासूबाई म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की झडेल." आईबापाला असलं की मुलाला होतंच का?

बालरोग_नागपूर
ताई, घासणं आजच थांबवा, तो मळ नाही. वर्णनावरून अकँथोसिस, म्हणजे त्वचा जाड-काळी होण्याचा प्रकार, वाटतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनने त्वचा जाड, काळी होते. काखेतही बघा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.८ येतो. मोठ्यांच्या आकड्यांशी ताडू नका, मुलांचा तक्ता वेगळा असतो आणि त्यात हा लठ्ठ ठरतो. अशा मुलांची तपासणी दहाव्या वर्षापासून करतात: उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), सोबत एसजीपीटी (यकृतासाठी), लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी. होतंच असं नाही, पण धोका नक्की जास्त. मात्र खूप तहान, रात्री सारखी लघवी, वजन अचानक घटणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
आणि तुमची स्वतःची शुगर शेवटची कधी बघितलीत?

काडीपैलवान_पुणे
माझे आईवडील दोघेही मधुमेही. मी आयुष्यभर काडी, म्हणून बिनधास्त. ३४व्या वर्षी निघाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक हेच सांगत आलेत: आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ची, पण आपल्यांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी याज्ञिकांची २१.२%, युडकिनांची ९.१%! तेव्हा काट्याबरोबर टेपही घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.
एक विनंती. त्याच्या एकट्याच्या ताटातलं काढू नका. माझ्या बहिणीला लहानपणी वेगळं ताट वाढायचे, ती शेजारी जाऊन खायची.

इचलकरंजीकरीण
रिपोर्ट आले. उपाशीपोटी ९८, एचबीएवनसी ५.९. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहे, औषध नको, तीन महिन्यांनी परत या. कंबर ७९ भरली, हवी ७१च्या आत. चहाबरोबरची खारी सगळ्यांचीच बंद केली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच फुटाणे भाजायला बसल्या. संध्याकाळी बापलेक बॅडमिंटन खेळतात, म्हणजे जास्त वेळ झाडावर अडकलेलं फूल काढतात.
डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ११ वर्षांत एकदाही नाही. परवा त्याच्याबरोबर माझंही रक्त दिलं. एचबीएवनसी ६.१.