सिमचा मोडेम आणि नेटची कटकट: नागपूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

सिमच्या मोडेमवर ज्यांचं काम चालतं असे आपण बरेच आहोत. कुणाच्या गल्लीत केबल आली नाही, कुणाचा घरमालक ओढू देत नाही. नेट गेलं की सगळे एकच सांगतात, सिम बदला. माझं म्हणणं, आधी मोडेमच्या पानावरचे आकडे बघा. तुमच्याकडे नेमकं काय बिघडलं होतं आणि ते सापडलं कसं, ते लिहा. सुरुवात मी करते.

मानेवाडा

दरवर्षी एप्रिलात माझं नेट मंदावायचं. यंदा मार्चपासूनच ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून मोडेमचं पान उघडलं आणि रोजचा आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलचा जोर, वहीत लिहिला. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, −११० च्या खाली गेला की हाल. मार्चमध्ये −९४ होता, एप्रिलच्या मध्यावर −११२. घरात बदललं होतं एकच: टॉवरकडच्या खिडकीत कूलर बसला होता. पत्र्याचा डबा, त्यात ओल्या ताट्या, आणि मोडेम बरोबर त्याच्या मागे! जिन्याच्या खिडकीत नेला, −९६ झाला.

पण तिथे दुपारचं ऊन. अडीचच्या सुमारास मोडेम बंद पडायचा, आणि पडण्याआधी आकडे मात्र उत्तम. म्हणजे दोष सिग्नलचा नव्हता. अंगाला हात लावला तर चटका बसला. सोबतच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं छापलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५. आता भिंतीपासून चार बोटं दूर, जाळीच्या स्टँडवर, उन्हाआड ठेवते. महिन्याभरात एकदाही बंद पडला नाही.

काटोल

आमची संत्र्याची बाग हाय. मोटरीले मोबाईल स्टार्टर लावला, घरून मिसकॉल देला का मोटर चालू. मागच्या साली पोरानं स्वस्त रिचार्ज पाहून दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं. तवापासून स्टार्टर मुकाच. मेकॅनिकनं लॅपटॉप जोडून विचारलं तं मोडेम सारखा ०,२ सांगे, म्हणजे नेटवर्क शोधूनच राहिला. भानगड अशी होती का आतला मोडेम टूजीचा, अन् नव्या सिमच्या कंपनीपाशी टूजी नाहीच. फोनमध्ये तेच सिम मस्त चाले, म्हणून आमाले शंकाच आली नाही. दोन पाळ्या पाणी चुकलं, आंबिया बहाराची गळ झाली. सिम घ्याच्या पहिले मोडेम किती जीचा हाय थे पाहा राजेहो.

धंतोली

दुकानातला कॅमेरा घरून दिसावा म्हणून राऊटरमध्ये पोर्ट उघडून दोन रात्री घालवल्या. शेवटी वॅनचा पत्ता, म्हणजे कंपनीने राऊटरला दिलेला नेटवरचा पत्ता पाहिला, १०० पासून सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेलं असतं. बाहेरून आत यायला वाटच नाही, पोर्ट कितीही उघडा. कॅमेऱ्याच्या क्लाऊड ॲपने पाच मिनिटांत काम झालं.

बुटीबोरी

डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा मोडेम, आणि पाच मीटरची यूएसबी वायर. पानं उघडायची, मोठी फाईल चढवायला घेतली की डोंगल गायब. पाठवताना मोडेम जास्त करंट ओढतो, यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपियरच मिळायचे, त्यात लांब वायरीत व्होल्टेज पडायचं. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेतला, वायर आखूड केली.

कामठी रोड

माझं अजून सुटलं नाही. आरएसआरपी −८२, दांड्या पूर्ण, पण रात्री आठनंतर एसआयएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा, जास्त तितका चांगला) १-२ वर येतो आणि व्हिडिओ कॉल तुटतो. सकाळी तोच १६ असतो. मोडेम आत्ता बँड ४० वर, म्हणजे टॉवरच्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर आहे. आज रात्री बँड ३ वर लॉक करून बघतो आणि दोन्ही वेळचे आकडे इथेच लिहितो. या भागात कुणी हे करून पाहिलं असेल तर आठच्या आत सांगा.