पराभवाची जबाबदारी ब्रिगेडियरपाशीच का थांबते?

सह्यकडा (धागाकर्ता)

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी १९६२ च्या चीनविरुद्धच्या पराभवाबद्दलच्या हेंडरसन ब्रुक्स-भगत या लष्करी चौकशीचे निष्कर्ष संसदेत मांडले. चौकशीचे विषय पाच: प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची आपल्या माणसांवरची पकड. शेवटच्या विषयावर चव्हाणांनी सांगितलं की, ब्रिगेडपर्यंतचे अधिकारी एखाददुसरा अपवाद सोडता ठीक होते, उणिवा वरच्या पातळीवर जास्त दिसल्या. नाव एकाचंही घेतलं नाही. मूळ अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही.

आता १९९९ बघा. कारगिलच्या १२१ ब्रिगेडकडे दीडशे किलोमीटरहून लांब ताबारेषा होती. ब्रिगेडियर सुरिंदर सिंग यांना लढाई चालू असतानाच हटवलं, पुढे सेवेतूनही काढलं. ब्रिगेडच्या वर चढत्या क्रमाने लेहचं ३ डिव्हिजन, श्रीनगरचं १५ कोअर, उधमपूरचं नॉर्दर्न कमांड, इथे कोणाचीही नोकरी गेली नाही. हिवाळ्यात किती ठाणी रिकामी करायची आणि हवाई टेहळणी किती ठेवायची, हे एकटा ब्रिगेडियर ठरवतो का? ५२७ जवान गेले. माझी मागणी साधी आहे: चौकशीचा आदेश घटना घडली त्या कमांडच्या बाहेरून यावा आणि निष्कर्षांचा सारांश ठरलेल्या मुदतीत जाहीर व्हावा.

तोफखाना

साफ असहमत. युद्धात सेनानी बदलणं वेगळं आणि शिक्षा करणं वेगळं. सप्टेंबर १९६५ मध्ये लाहोर आघाडीवर १५ डिव्हिजनचे मेजर जनरल निरंजन प्रसाद खचलेले दिसताच वेस्टर्न कमांडच्या हरबक्षसिंगांनी त्यांच्या जागी मोहिंदर सिंगांना आणलं. चौकशी नाही, कागद नाही, आणि आघाडी सावरली. प्रत्येक माघारीनंतर बाहेरची समिती बसणार हे माहीत असलेला डिव्हिजन कमांडर प्रत्येक हालचालीला लेखी आदेश मागेल. तो कागद येईपर्यंत टेकडी गेलेली असते. अर्ध्या माहितीवर घेतलेला निर्णय चुकला तर तो गुन्हा ठरत नाही.

सह्यकडा

उदाहरण तुम्हीच दिलंत! हेच निरंजन प्रसाद १९६२ मध्ये ४ डिव्हिजनवर होते. तिथून त्यांना हटवलं, त्यांनी राष्ट्रपतींकडे दाद मागितली, परत घेतले गेले आणि तीन वर्षांत पुन्हा एक डिव्हिजन हाती आलं. १९६२ मध्ये ते खरंच कमी पडले की दिल्लीच्या चुकीचे धनी झाले, हे कारणांसह लिहून ठेवलं असतं तर दोन्हीपैकी एक अन्याय टळला असता: त्यांच्यावरचा, नाहीतर १५ डिव्हिजनवरचा.

कायदेकानू

बाहेरून आदेश का हवा, ते नियमांतून सांगतो. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराचं अंतर्गत चौकशी मंडळ, बहुतेक वेळा त्याच साखळीतला वरिष्ठ बसवतो. आर्मी रूल १८० प्रमाणे ज्याच्या लौकिकाला धक्का लागू शकतो त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी द्यावी लागते. इथे घोळ होतो. अधिकाऱ्याला आधी नुसता साक्षीदार म्हणून बोलावतात, ठपका नंतर येतो आणि कारवाई सशस्त्र सेना न्यायाधिकरणात कोसळते. नियम १८२ प्रमाणे त्या चौकशीतले जबाब कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालत नाहीत, म्हणजे पुरावा नव्याने नोंदवायचा. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम १२२ प्रमाणे कोर्ट मार्शल सुरू करायची मुदत तीन वर्षं. फायली वरखाली फिरण्यात ती संपते. मग उरते प्रशासकीय नाराजी (सेन्शर, म्हणजे लेखी ठपका), आणि तिची झळ बढतीच्या रांगेत उभ्या असलेल्यालाच लागते. निवृत्तीला आलेल्या लेफ्टनंट जनरलला तिने काय फरक पडणार?

तोफखाना

नियम १८० चा मुद्दा मान्य. पण 'बाहेरचे' म्हणजे कोण? १९६२ मध्ये ३३ कोअरचे उमरावसिंग चीन सीमेवरच्या थागला डोंगररांगेतल्या कारवाईला रसदीचे आकडे दाखवून विरोध करत होते. त्यांच्याकडून नेफा (आजचा अरुणाचल) काढून घेतला आणि नव्या ४ कोअरवर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आले. कौल आजारी पडले आणि दिल्लीत अंथरुणातून आदेश देत राहिले. २० ऑक्टोबरला थागलाच्या पायथ्याशी नामका चू नदीवर ७ ब्रिगेड चिरडली गेली. बाहेरच्यांची, म्हणजे दिल्लीची, ढवळाढवळच तिथे नडली. तुम्ही तीच दिल्ली पुन्हा चौकशीला आणताय.

सह्यकडा

उमरावसिंगांचे आकडे फायलीत होते, म्हणून तर आज तुम्ही त्यांची बाजू घेऊ शकता. कारगिलमध्ये ७० ब्रिगेडच्या देविंदर सिंगांचं काय झालं? कोअर कमांडरने लिहिलेला त्यांच्या लढाईतल्या कामगिरीचा अहवाल पक्षपाती असल्याचं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने २०१० मध्ये ठरवलं, तो शेरा रद्द केला आणि अधिकृत इतिहास दुरुस्त करायला सांगितलं. अकरा वर्षं! लढाईचा वृत्तांत ज्याच्या हातात, त्याच्याच निर्णयांवर प्रश्न असतील तर तो वृत्तांत तटस्थ कसा राहील? दिल्ली नको असेल तर दुसऱ्या कमांडचा अधिकारी नेमा, सोबत एक निवृत्त न्यायाधीश द्या.

तोफखाना

दुसऱ्या कमांडचा अधिकारी चालेल. न्यायाधीश नको, नकाशावर उतार किती चढा आहे हे त्यांना वाचता येत नाही. आणि सारांश जाहीर करणं अजूनही पटत नाही. ठाण्यांमधली अंतरं शत्रूही वाचतो.

कायदेकानू

जून २०२१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या धोरणात युद्धानंतर पाच वर्षांत इतिहास संकलित करायचा आणि कागद साधारण २५ वर्षांत खुले करायचे, असं आहे. ठाण्यांची अंतरं वगळून निर्णय कोणी, कधी, कोणत्या माहितीवर घेतला एवढंच सारांशात द्यायला काय हरकत? जुन्या युद्धांसाठी मात्र प्रकरणानुसार ठरवायची पळवाट ठेवली आहे, आणि १९६२ त्याच पळवाटेत अडकलंय.